आधी मे महिन्याचं पाणी मोजा, मग बाग आखा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले. भूकंपानंतर वसवलेल्या गावात आमचं घर आहे. नोकरीपायी आयुष्य पुण्यात गेलं, आता यजमान निवृत्त झाल्यावर कायमचे गावी आलो आहोत. प्लॉट सहा गुंठ्यांचा, मधोमध हजार चौरस फुटांचं स्लॅबचं घर, दार पूर्वेला. गेटजवळचा एक गुलमोहर सोडला तर भोवती काडी नाही. अर्धी जागा काळ्या मातीची, अर्ध्या जागेवर बांधकामाच्या वेळचा मुरूम पसरलेला. यजमानांना सोसायटीत होती तशी लॉन हवी आहे. दीर म्हणतात, सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाका, ट्रॅक्टर उभा राहील, सोयाबीन वाळवता येईल. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या; त्यांना घराजवळ झाडच नको. भिंतींना तडे जातात म्हणतात, आणि पुन्हा तसं काही झालं तर झाड अंगावर येईल म्हणतात. नर्सरीवाल्याने लॉन, पाम आणि लाल मातीचे चार ट्रक असं कोटेशन दिलंय. बोअर आहे, पण मेमध्ये हवा ओकतो, आणि एरवीही पाणी जड आहे. सुरुवात कुठून करू? आणि तो गुलमोहर ठेवू की तोडू?

ताई, नमस्कार.

पत्र एप्रिलमध्येच पाठवलंत हे बरं केलंत. बहुतेकांना बाग आठवते ती मृगाचा पाऊस पडल्यावर, आणि तोवर खड्डे खणायची वेळ निघून गेलेली असते.

नर्सरीवाल्याचं कोटेशन तूर्त बाजूला ठेवा. त्यात जागेचा हिशेब आहे, पाण्याचा कुठेच नाही. आपल्याकडे बाग केवढी करायची ते जागा ठरवत नाही, मे महिन्यातला बोअर ठरवतो. म्हणून पहिलं काम हे करा: मेच्या मध्यावर दोनशे लिटरचं टिपाड पाइपाखाली ठेवा, मोटर चालू करा आणि हवा येईपर्यंत किती टिपाडं भरतात ते बघा. संध्याकाळी पुन्हा. आठवडाभर हे वहीत लिहा, घरखर्चाचं पाणी त्यातून वजा करा. जे उरेल तेवढीच तुमची बाग, मग प्लॉट सहा गुंठ्यांचा असो की सहा एकरांचा.

आता यजमानांच्या लॉनचं बघू. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. आपल्या उन्हाळ्यात लॉन हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं, म्हणजे गुंठ्याला रोज पाच-सहाशे लिटर. तीन टिपाडं रोज, आठवड्याला वीस. तेही अशा जिल्ह्यात, जिथे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. यजमानांना हे आकडे मांडून दाखवा, वाद घालू नका. माणूस बायकोचं ऐकत नाही, पण स्वतः मोजलेल्या टिपाडाचं ऐकतो. आणि त्यांची अगदीच निराशा करायची नसेल तर पायऱ्यांजवळ दहा बाय पंधरा फुटांचा हरळीचा तुकडा करू द्या. शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो तीच ही हरळी, तिच्याइतकं चिवट गवत आपल्याकडे दुसरं नाही. उन्हाळ्यात ती वाळून पिवळी पडेल, पडू द्या. पहिल्या पावसात उठते. गणपतीत दूर्वा विकत आणायला नकोत, हा वरचा फायदा. फक्त तुकड्याच्या चारी बाजूंनी वीतभर खोल विटा उभ्या पुरा, नाहीतर दोन वर्षांत तुमची मेथी कुठली आणि हरळी कुठली ते कळायचं नाही.

दिरांचं म्हणणं मला अगदी टाकाऊ वाटत नाही. गावातल्या घराला ट्रॅक्टर उभा करायला आणि रास करायला जागा लागतेच. पण सहाच्या सहा गुंठे ब्लॉक टाकले तर उन्हाळ्यात घर भाजून निघेल आणि पावसाचं सगळं पाणी गेटबाहेर जाईल. गेटपासून घराच्या एका बाजूने बारा फुटांचा पट्टा त्यांना द्या. आहे तोच मुरूम तिथे ओढून, पाणी मारून रोलरने दाबला की झालं. सोयाबीन ताडपत्रीवर वाळतं. दिरांना नाराज करू नका, कारण पुढे त्यांचा ट्रॅक्टर लागणार आहे.

सासूबाईंचं मात्र नीट ऐका. दोन्ही गोष्टी त्या उगाच बोललेल्या नाहीत.

तड्यांचं आधी सांगतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. घराला खेटून मोठं झाड असलं की ते पायाखालची ओल ओढतं. खेटून वाफा असला की तिथली माती सतत फुगलेली राहते. दोन्हीकडून भिंतीला त्रासच. म्हणून करंज, आंबा असली झाडं भिंतीपासून निदान वीस फूट, लिंबू-पेरू आठ-दहा फूट, आणि जोत्याला लागून वाफा अजिबात नको. राहिली भूकंपाची भीती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. झाडं हे त्याचं कारण नव्हतं. हे तुम्हाला माहीत आहे, बहुधा त्यांनाही माहीत आहे. पण ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांना हे तर्क ऐकवत बसू नये. दारासमोर वीस बाय वीस फुटांचं अंगण मोकळं सोडा. मधे तुळस, सडा, रांगोळी, संध्याकाळी बाज टाकायला जागा. तिथे एकही कुंडी ठेवू नका. बागेत मोकळी जागाही लागते, आणि कुरडया-पापडांच्या दिवसांत तुम्हीच तिला दुवा द्याल.

आता कामाला लागू. जागेवरच्या कामांत आधी कुंपण. उघड्या जागेत झाड लावणं म्हणजे गावच्या शेळ्यांना जेवण वाढणं. तारेचं कुंपण करा आणि उत्तरेच्या बाजूला तारेला लागून दहा-दहा फुटांवर सीताफळं लावा. सीताफळाच्या पानाला शेळी तोंड लावत नाही; बालाघाटच्या उघड्या डोंगरांवर ते आपलं आपण वाढलंय ते त्यामुळेच. शेराच्या झुडपांचं कुंपण लावा असं कुणी सांगेल, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. येत्या-जात्या नातवंडांच्या घरात तो नको.

कुंपण होईतो मातीचं बघा. चार-पाच ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरवा आणि कापडी पिशवीतून कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. काळ्याची पिशवी वेगळी, मुरमाची वेगळी. बाटलीभर बोअरचं पाणीही तपासायला द्या. अहवाल येईपर्यंत घरच्या घरी दोन गोष्टी कळतात. ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, आणि चुनखडीत लिंबाची पानं पिवळी पडून नुसत्या शिरा हिरव्या राहतात. दुसरं, दीड फूट खड्डा करून रात्री पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच उभं दिसलं तर तिथे पेरू-आंबा नको, मुळं कुजतील.

लाल मातीचे चार ट्रक कशाला? आपल्या तलावांतला गाळ त्याहून सरस आहे आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे उन्हाळ्यात तो उपसण्याची कामं चालू असतात; जवळपास कुठे चालू आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. पण गाळ टाकायचा तो फक्त मुरमावर. काळ्यावर टाकलात तर चिकटात चिकट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सहा इंचांचा थर दिला तर २०० चौरस फूट जागा होते. त्यावरून किती ट्रॉल्या लागतील ते तुम्हीच काढा. गाळ पडण्याआधी मुरमातले सिमेंटचे खडे, प्लास्टरचे तुकडे, विटांचा चुरा हाताने वेचून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टळत नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्येच. मोठ्या झाडांना तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. सीताफळाला दोन-दोन फूट चालेल. जेसीबीने केले तर एक काळजी घ्या: काळ्या मातीत जेसीबीच्या बकेटने खड्ड्याच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मूळ त्यातून बाहेर शिरत नाही आणि गोल गोल फिरत राहतं. कुदळीने बाजू खरवडून घ्या. खड्डे महिनाभर उन्हात तापू द्या. मग वरच्या थरातली माती, दोन-तीन पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून भरा. शेणखत हातात घेऊन बघा; अजून शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे, हुमणी आणि उधई दोघींना आमंत्रण. भरताना जमिनीच्या वर वीतभर उंचवटा ठेवा. पावसात माती बसते, आणि सपाट भरलेल्या खड्ड्यात पाणी साचून रोप सडतं.

झाडं कोणती, हा खरा प्रश्न. मी एकच कसोटी लावेन: मेमध्ये हे झाड काय करतं? सीताफळ त्या वेळी पानं टाकून उभं असतं, पाणी मागत नाही, पाऊस आला की फुटतं आणि दसरा-दिवाळीला फळ देतं. बोर उन्हाळ्यात छाटायचंच असतं. आवळ्याची बारीक फळं पावसाळ्यापर्यंत झोपलेली असतात. ही आपली झाडं. चिकू, नारळ, मोसंबी यांना ऐन मेमध्ये तहान लागते. मोसंबी जालन्याची प्रसिद्ध खरी, पण २०१२-१३ च्या दुष्काळात त्याच भागातल्या बागा वाळून तोडाव्या लागल्या. नर्सरीवाल्याच्या आरेका पामची पानं तर आपल्या पश्चिमेच्या झळांनी पहिल्याच वैशाखात करपतात.

तेव्हा असं करा. घराच्या मागे, पश्चिमेच्या कुंपणालगत चार करंज. दुपारनंतरचं ऊन आणि झळा तिकडूनच येतात, आणि करंजाला ऐन उन्हाळ्यात गच्च नवी पालवी असते. बहावा दिसायला सुंदर, पण नेमका मेमध्ये निष्पर्ण होऊन फुलतो. सावलीसाठी त्याच्यावर विसंबू नका, हौसेने एखादा लावायचा तर लावा. उत्तरेला सहा सीताफळं. त्यात एक-दोन ‘धारूर-६’ मिळाली तर बघा, ती अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राची जात आहे. आवळे दोन आणि दोन वेगळ्या जातींचे, नरेंद्र-७ आणि कांचन. एकटा आवळा फुलतो, पण फळ धरायला कुरकुर करतो. एक बोर, एक पेरू, चुनखडी नसेल तर एक कागदी लिंबू, मागच्या कोपऱ्यात विजेच्या तारांपासून लांब दोन शेवगे. आंबा एकच, केसर, तोही कलम विकत न आणता. येत्या पावसाळ्यात रायवळ आंब्याच्या तीन-चार ताज्या कोयी खड्ड्यातच लावा, जोमदार रोप ठेवून बाकीची काढा आणि पुढच्या वर्षी त्यावर जागेवरच केसरचं कलम बांधून घ्या. सोटमूळ अखंड राहतं, खोल जातं, आणि आपल्या जमिनीत तेच कामाला येतं.

अठरा झाडं झाली. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा वीस लिटर धरलं तर आठवड्याला साडेतीन-चार टिपाडं. लॉनच्या वीस टिपाडांशेजारी हा आकडा लिहा.

रोप घेताना उंचीला भुलू नका. छोट्या पिशवीत वाढलेल्या सहा फुटी झाडाची मुळं स्प्रिंगसारखी वेटोळी झालेली असतात. असं झाड दोन वर्षं उभं राहतं आणि मग वाऱ्याने आडवं होतं. दीड-दोन फुटांचं, वर्षाचं रोप घ्या. लावताना पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा. तळाशी मूळ वळलेलं दिसलं तर तेवढं कापून टाका. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे आणि जोडाखालून फुटलेलं प्रत्येक धुमारं मोडत राहा, नाहीतर कलमाची नाही, खालच्या खुंटाची फळं खाल. लावणी मृगाच्या पहिल्या सरीवर करू नका. जूनच्या अखेरीला, आर्द्रात दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल हातभर खाली गेली की करा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो. तेव्हा झाडांना हाताने पाणी घालावं लागेल, हे आत्ताच गृहीत धरा.

अंगण आणि दिरांचा पट्टा सोडून बाकी सगळ्या जागेत या वर्षी फक्त ताग पेरा. गुंठ्याला अर्धा-पाऊण किलो बी पुरतं. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत कमरेच्या वर जाऊन पिवळा फुलायला लागतो, तेव्हाच दिरांना ट्रॅक्टर घेऊन बोलवा आणि रोटाव्हेटरने गाडून घ्या. वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाल्यावर, ओल्या रेंदाड्यात नको. तसं केलंत तर त्याची ढेकळं उन्हाळ्यापर्यंत फुटणार नाहीत. कुंपणाच्या कडेने अंबाडीची एक ओळ टाका, भाजीही होईल आणि आडोसाही. तेरड्याचं, झेंडूचं बी सासूबाईंच्या हाती द्या.

भाजीची घाई नको. पहिले वाफे ऑक्टोबरमध्ये, ताग कुजल्यावर, स्वयंपाकघराच्या दाराच्या बाजूला पण जोत्यापासून लांब, शंभर चौरस फुटांपेक्षा जास्त नाही. मेथी, शेपू, कोथिंबीर, चुका, करडई, वांग्याची चार रोपं. येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येपर्यंत, पातीचा कांदा आणि हिरवा लसूण घरचा होईल. फेब्रुवारी संपला की वाफे मोकळे करून तुराट्या-पाचटाने झाकून टाका. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर बाजारातून आणायची, त्यात कमीपणा नाही.

पाणी वाढवण्याचे दोन मार्ग घरातच आहेत. तुमचा स्लॅब साधारण ९३ चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाला ९३ लिटर. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला तरी सदतीस हजार लिटर. ते पाइपाने गाळण खड्ड्यातून बोअरला द्या. जाणत्या माणसाकडून करून घ्या, गढूळ पाणी बोअरमध्ये गेलं तर तो कायमचा बसेल. मुरलेल्या पावसाने पाण्याचा जडपणाही कमी होतो. दुसरं न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी, रोज टिपाडभर तरी. त्याच्या तोंडाशी कर्दळ लावा, पुढे केळीचा एक गड्डा आणि अळू. धुण्याच्या पावडरीतल्या सोड्याने काळी माती घट्ट होते, म्हणून हे पाणी फळझाडांना रोज नको आणि पालेभाज्यांना कधीच नको. झाडांशेजारी मडकं पुरण्याची युक्ती चांगली आहे, पण तुमच्या जड पाण्याने मडक्याची छिद्रं वर्षभरात बुजतील, मग ते बदलावं लागेल.

आळ्यात सोयाबीनचं भुसकट किंवा पाचट वीतभर जाड घाला, खोडापासून चार बोटं सोडून. मुरमाच्या बाजूला उधई येईल, तिकडे दर पंधरा दिवसांनी आच्छादन उचलून बघा.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी कुंपण आणि गाळ यातच बहुतेक पैसे जातील. रोपं त्यामानाने किरकोळ. कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतून घ्या, जात खात्रीची मिळते.

आणि गुलमोहर. सध्या तोडू नका, प्लॉटवर तेवढीच सावली आहे. पण त्याचं लाकूड ठिसूळ, आणि गेटवर विजेच्या तारा असतील तर वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडून तारेवर यायला वेळ लागत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात लाइनमनला सांगून वीज बंद करून घ्या आणि तारेकडच्या व रस्त्याकडच्या फांद्या उतरवा. खोड ठोकून बघा. पोकळ वाजलं किंवा बुंध्याशी अळंबी दिसली तर मात्र पावसाळ्याआधी काढायलाच हवा, त्यासाठी ग्रामपंचायतीत विचारून रीतसर परवानगी घ्या. धडधाकट असेल तर करंज डोक्याच्या वर जाईपर्यंत राहू द्या. उतरवलेल्या फांद्या जाळू नका, पाला आवळ्याच्या खड्ड्यांत तळाला घाला.